कोपराला बोट

४ जानेवारी

कोतवाल खोटं बोलला! आज तिसऱ्यांदा.

सकाळी सव्वासात, ओढ्याच्या वरच्या वळणावर. थवा चरत होता. सातभाई खाली, चष्मेवाले वर, आणि मधल्या फांदीवर कोतवाल, डोक्यावरचा तुरा मिरवत. एका सातभाईने चांगला बोटभर नाकतोडा धरला. कोतवाल शिक्रा आल्यासारखा किंचाळला. सगळे धाडकन झुडपात! नाकतोडा तिथेच पडला. कोतवाल उतरला, उचलला, फांदीवर बसून सावकाश खाल्ला. शिक्रा कुठे? आभाळ कोरं. मी घड्याळ लावून पाच मिनिटं पाहिलं. काही नाही.

एकतीस वर्षं या सिंहराजाच्या जंगलातल्या जळवांना रक्त पाजलं ते याच्यासाठी. पाखरूसुद्धा ठरवून खोटं बोलतं, आणि तेही पोटासाठी. खोटेपणा माणसाने शोधलेला नाही. तो आपल्याकडे फार जुना चालत आलेला आहे.

संध्याकाळी चहाबरोबर वह्या जुळवल्या. नियम माझाच – दोन माणसं, दोन वह्या, जंगलात तोंड बंद. दोन्हींत सारखं असेल तेवढंच खरं, बाकी बाद. माझ्या वाटाड्याच्या, विमलसेनच्या वहीत काय? ‘आधी चष्मेवाला ओरडला. मग कोतवाल.’ म्हणजे कोतवालाने नुसता निरोप पुढे दिला! खोटं नाहीच!

“कुठे ओरडला? मी तुझ्या शेजारी बसले होते.”

“ओरडला मॅडम. बारीक ओरडतो तो.”

“आणि शिक्रा?”

“खालच्या दरीतून गेला असणार. आपण झाडीत, आपल्याला कुठला दिसायला? वरच्याला दिसला.”

असणार! नोंद बाद. तिन्ही बाद. नारळाची पोल रोटी तशीच ताटात राहिली.

यंदापासून त्याची एक वाईट खोड मी मोडली आहे. पक्षी ओरडला की हा गुपचूप माझ्या कोपराला बोट लावायचा. गेली दोन वर्षं. कुठून लागली ही खोड कोण जाणे! अशाने दोन वह्या वेगळ्या कशा राहणार? एकाच डोक्याच्या दोन प्रती. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं, यापुढे हात लावायचा नाही. तर माझ्याकडे बघत राहिला. “नक्की ना मॅडम?” म्हणे. मी काय थट्टा करते?

८ जानेवारी

जंगल यंदा मुकं आहे. दुपारी किरकिरणारे किडे गेले कुठे? चहामळेवाल्यांच्या फवारण्या, दुसरं काय! वर्तमानपत्राला कडक पत्र लिहिलं.

घड्याळाचा गजर पुन्हा बंद. तिसरा सेल बदलला. कलवान बाजारातल्या दुकानदाराने तिसऱ्यांदा फसवलं.

१३ जानेवारी

अक्काचा कँडीहून फोन. “माली, ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?” बहिरी नाही तर काय! सत्तरी आली. आणि बोलते तेही तोंडात विडा धरल्यासारखं. वय लपवायची तिला लहानपणापासून हौस. मी विषय बदलला. म्हातारपणाला दया दाखवावी.

व्याख्यानाचं ठरलं. मार्च, कोलंबो, मोठं सभागृह. विषय – ‘खोटं कुठून आलं?’ सगळे येणार. मला आयुष्यभर ‘पाखरंवाली बाई’ म्हणणारे सुद्धा.

शेवटचा भाग आजच लिहून काढला. तो मला फार आवडतो. खोटं बोलणाऱ्याची पंचाईत ही, की त्याचं अंग चुगली करतं. नजर पळते, घाम फुटतो, आवाज कापतो. समोरचा ते हेरतो, कारण हेरणारेच जगले, न हेरणारे भुकेने मेले. मग खोटं बोलणाऱ्याने काय करावं? आधी स्वतःलाच फसवावं! ज्याला आपण खोटं बोलतोय हेच ठाऊक नाही त्याचा आवाज कापणार कशाला? लाखो वर्षांत अशीच डोकी टिकली. म्हणून प्रत्येकाच्या आत एक खोली अशी असते, की तिची किल्ली त्याच्याकडेच नसते.

अर्थात काहींनी ती खोली नीट झाडून ठेवलेली असते. मी या वहीत चाळीस वर्षं लिहिते आहे. इथे तरी कधी खोटं लिहिलं नाही.

१९ जानेवारी

विद्यापीठातून नदीशा नावाची मुलगी आली. पंचवीसची असेल. डॉक्टरेट करायची आहे, परदेशात जायचं आहे, माझं शिफारसपत्र हवं आहे. हे तिने सांगितलं नाही, तिच्या पायातल्या कोऱ्या बुटांनी सांगितलं. बरोबर आवाज टिपायचं यंत्र, केसाळ टोपी घातलेलं. तीही पुटपुटते. हल्लीच्या मुलांना तोंड उघडून बोलायला काय होतं?

खोटे इशारे आजवर अकरा. विमलसेनच्या वहीत अकराही वेळा ‘आधी चष्मेवाला’. अकरा! मागच्या दोन वर्षांत आमच्या वह्यांत केसाचा फरक नव्हता. कोपराची खोड मोडली, आणि याचं पितळ उघडं पडलं. आणि कोतवालाचंही!

२२ जानेवारी

विचार केला – हा असं का करतो? चोवीस वर्षं माझ्याबरोबर आहे. कुडावा गावात याला ‘कानांचा राजा’ म्हणतात. परदेशी लोक येतात तेव्हा हा डोळे मिटून झाडीकडे बोट दाखवतो आणि ती येडी टाळ्या वाजवतात. चढलं ते डोक्यात. बाईला ऐकू येत नाही ते मला येतं, असं त्याला दाखवायचं आहे. गर्वासाठी खोटं बोलणारं दुसरं जनावर नाही.

चोवीस वर्षांत मी त्याला काय नाही दिलं! बूट दिले. वाचायला शिकवलं. त्याच्या लग्नात घरच्यासारखी उभी राहिले.

२६ जानेवारी

सापळा लावला. मुद्दाम त्याला पुढे बसवलं, मी आणि नदीशा मागे. म्हटलं, चष्मेवाल्याने भीतीचा इशारा दिला की बोट वर कर.

तासाभरात चार वेळा बोट वर. चारही वेळा जंगल गप्प! पानसुद्धा हललं नाही. चारांतल्या दोन वेळा लगेच कोतवाल किंचाळला, आणि तो मी खणखणीत ऐकला. कान माझे अजून विशीतले आहेत.

तिथेच नदीशाकडे वळले. “तुला चष्मेवाला ऐकू आला?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग विमलसेनकडे. तो वळून बसला होता, गुडघ्यावर वही. मग तिने मान खाली घातली.

“नाही मॅडम.”

“नीट सांग. मोठ्याने.”

“नाही आला.”

विमलसेन तिच्याकडे बघत राहिला. रागाने नाही. ओढ्यात भांडं वाहून जाताना बघावं तसा. मग म्हणाला, “असू दे बाळ.”

याला म्हणतात निर्ढावलेपण! खोटं पकडलं गेलं, वर साक्षीदाराला धीर देतो. मुलगी गुणी आहे. खरं सांगताना तिला लाज वाटत होती. अशी माणसं मला लगेच ओळखू येतात.

२७ जानेवारी

जळवा फार. झोप चांगली लागली.

२ फेब्रुवारी

आज निकाल लावला. झाकून ठेवलं असतं तर व्याख्यानात कुणीतरी विचारलं असतं, दुसरी वही काय म्हणते? म्हणून गावातले सगळे वाटाडे बोलावले. पडवीत नऊ जण बसले, नदीशा दाराशी, विमलसेन मध्ये उभा. स्वच्छ सदरा घालून आला होता, देवळात जायचा.

मी वाचून दाखवलं – तारीख, वेळ, त्याची नोंद, माझी नोंद. मग नदीशाला उभं केलं. तिने पुन्हा ‘नाही’ म्हटलं. या वेळी मोठ्याने.

“बोल,” मी म्हटलं.

“मॅडम, तुम्हीच शिकवलंत. ऐकलं ते लिही, वाटलं ते लिहू नको. मी ऐकलं ते लिहिलं.”

“म्हणजे मी खोटी? ही मुलगी खोटी?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग काय म्हणतोस?”

तो अगदी जवळ आला. म्हणाला, “मॅडम, रत्नपूरचं सांगू का यांना?”

“कसलं रत्नपूर? सांग की! सगळ्यांसमोर सांग! काय आहे रत्नपुरात?”

माझ्या तोंडाकडे असा पाहत राहिला, जणू तिथे काही शोधत होता. ते त्याला सापडलं नाही बहुतेक.

“काही नाही,” म्हणाला. “जाऊ दे.”

चोराच्या मनात चांदणं! अडचणीत आला की विषय बदलायचा. वाटाड्यांतल्या एकाने पिंक टाकली आणि म्हणाला, “कानांचा राजा म्हणे! थापांचा राजा!” सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग त्याने वह्या मागितल्या. चोवीस वर्षांच्या चोवीस. “कामाला नको असतील तर घरी नेतो मॅडम. माझं अक्षर आहे त्यात.” मी म्हटलं, खोटी वही जगात राहू द्यायची नाही, उद्या कुणी वापरेल. चूल पेटलेलीच होती, वर फणस शिजत होता. मी म्हटलं, तूच घाल.

घातल्या. एकेक करून. मी गठ्ठा जसा दिला तसाच ढकलला असता तर चाललं असतं. पण त्याने आधी जमिनीवर मांडून वर्षवार लावल्या, मग पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. सवय! पहिल्या दोन-तीन वह्यांत त्याचं अक्षर पोरासारखं मोठं मोठं होतं, माझ्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट.

रडला नाही. फणस लवकर शिजला.

मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. नाही, धुराने डोळे चुरचुरत होते.

३ फेब्रुवारी

अकरा नोंदी आता पक्क्या, त्या खोडणारी वहीच उरली नाही. यापुढे दुसरी वही नदीशाची. तिची आणि माझी अक्षरशः जुळते.

१४ फेब्रुवारी

गावात त्याचं नाव ‘खोटी वही’ पडलं आहे. वाटाड्यांनी त्याचा बिल्ला काढून घेतला. माझ्या पत्रावरूनच, पण मी तसं लिहिलं नव्हतं. नुसतं ‘विश्वासार्ह नाही’ लिहिलं होतं. त्याची बायको दुकानात गेली की पोरं चष्मेवाल्यासारखी शीळ घालतात म्हणे. नदीशाने सांगितलं. सांगून झाल्यावर उठून बाहेर गेली. कोवळी आहे.

वाटेत भेटला. डोक्यावर चहाच्या पानांचं पोतं, अनवाणी. मी दिलेले बूट कुठे गेले विचारणार होते. बाजूला झाला, मला वाट दिली, खाली बघत काहीतरी म्हणाला. मला नीट कळलं नाही. शिवी असणार.

“काय म्हणाला गं?” नदीशाला विचारलं.

ती घुटमळली. “म्हणाला, आता मॅडमच्या बाजूला कोण बसतं?”

बघा तोरा! जागा अजून त्याचीच समजतो.

२८ फेब्रुवारी

नदीशा गेली. शिफारसपत्र दिलं – तीन पानं, असं मी आजवर कुणालाच दिलं नाही. ‘निर्भीड आणि सत्यनिष्ठ’ असं दोनदा लिहिलं. पाया पडली. बस सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. निरोप जड जातात काही जणांना.

खोलीत फार शांत आहे. किटली उकळून कोरडी झाली तरी शिट्टी नाही. तीही बिघडली.

९ मार्च

पाकीट आलं. नदीशाचं. आत तिच्या यंत्रावरून काढलेले आलेख आहेत, सापळ्याच्या दिवसाचे आणि नंतरचेही. वर तारीख, वेळ. कोतवालाचा इशारा म्हणजे जाड काळा डाग. आणि त्याच्या आधी, प्रत्येक कागदावर, अगदी वरच्या कडेला, पापणीच्या केसासारखी एक बारीक रेघ. तिने शिसपेन्सिलीने गोल केलं आहे. शेजारी लिहिलं आहे – चष्मेवाला.

चिठ्ठी लहान आहे. ‘मॅडम, मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. विमलसेन काकांची प्रत्येक नोंद बरोबर होती. पत्र हातात पडेपर्यंत मी थांबले. उद्या माझं विमान आहे. मला क्षमा करू नका.’

सटवी! भवानी! सत्यनिष्ठ म्हणे!

आणि मी म्हणते, मला खोटी माणसं ओळखू येतात.

१० मार्च

यंत्रं चुकतात. दमट हवेत तर हमखास चुकतात. रेघा कागदावर आहेत, जंगलात नव्हत्या. मी तिथे होते.

११ मार्च

सकाळी एकटी गेले. थवा आला. चष्मेवाला माझ्यापासून चार हातांवर, दुर्बीणसुद्धा नको. चोच उघडत होता. मिटत होता. गळा थरथरत होता.

पाखरं कधी कधी नुसतीच चोच उघडतात. उकाडा असतो.

१६ मार्च

रत्नपूरला गेले. इथल्या कानाच्या डॉक्टरची पायरी मी उभ्या जन्मात चढलेली नाही. पण व्याख्यानाआधी हातात कागद असलेला बरा. कान ठणठणीत असल्याचा दाखला. त्या मुलीने तिकडे जाऊन काही बरळलं, तर तोंडावर फेकायला.

खिडकीतल्या बाईने नाव विचारलं. मालकांती यटवर. तिने वही चाळली नाही, सरळ मागच्या कपाटाकडे गेली आणि एक पिवळं कार्ड घेऊन आली. “तुम्ही आधी आला होता मॅडम.”

“मी नाही. दुसरी कुणी असेल.”

तिने कार्ड माझ्याकडे फिरवलं. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. नाव, पत्ता, वय बरोबर. दोन्ही कानांचा उतरता आलेख, डोंगरकड्यासारखा. खाली लिहिलेलं – ‘वरचे स्वर गेले आहेत. परत येणार नाहीत. रुग्णास समजावून सांगितले.’ त्याखाली माझी सही, माझ्या त्या वाकड्या ‘ट’सकट. आणि शेवटच्या ओळीत – ‘सोबत आलेले – विमलसेन.’

मला हे आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही. सह्या सारख्या असतात माणसांच्या. तपासणी न करता परत आले.

कार्ड मागून घेतलं. चुलीत घातलं.

१९ मार्च

व्याख्यान झालं. सभागृह तुडुंब. अकरा खोटे इशारे एकामागून एक सांगितले, लोक हसले. अक्का पहिल्या रांगेत.

शेवटी मागून एक बाई उठली. “मॅडम, दोन वह्यांचा नियम तुमचाच. दुसरी वही कुठे आहे?”

आणि तेव्हा आठवलं. एका क्षणात, सगळं. रत्नपूरचं ते बाकडं. विमलसेन दोन पेले चहा घेऊन उभा. मी त्याचा हात धरला होता, रडत होते. म्हणाले होते, “पक्षी ओरडला की माझ्या कोपराला बोट लाव. आणि कुणालाही सांगायचं नाही. शपथ घे.” “नाही सांगणार मॅडम,” तो म्हणाला होता. चहा सांडला होता त्याच्या सदऱ्यावर. देवळात जायच्या.

मी माइकजवळ तोंड नेलं. म्हटलं, “दुसरा साक्षीदार खोटा निघाला.”

आवाज जरासुद्धा कापला नाही.